देवगिरीचा करणाधिप आणि संगणकातील ‘ट्रॅक ०१’

१/ घरातील जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या की फोल्डरमध्ये ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी रांग उभी राहते. गायक कोण, राग कोणता, मैफल कुठली, हे उतरवणाऱ्यालाच ठाऊक असते. संगीताची नोंद कशी ठेवावी, या प्रश्नाचे एक अत्यंत शिस्तशीर उत्तर सुमारे ८०० वर्षांपूर्वी देवगिरीच्या दरबारात दिले गेले. आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून ते ठिकाण जेमतेम १५ किलोमीटरवर आहे. (थ्रेड)

२/ काळ यादव राजा सिंघण दुसरा याचा, म्हणजे सुमारे १२१० ते १२४७. ग्रंथ ‘संगीतरत्नाकर’, कर्ता शार्ङ्गदेव. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत होते.

३/ शार्ङ्गदेव दरबारात श्रीकरणाधिप होता. राज्याचा जमाखर्च आणि दप्तर सांभाळणारा प्रमुख अधिकारी. महाराष्ट्र ज्याला हेमाडपंत म्हणून ओळखतो, त्या हेमाद्रीनेही पुढे हेच पद भूषवले. दप्तरात मुरलेल्या माणसाची शिस्त ‘संगीतरत्नाकरा’च्या रचनेत पानोपानी दिसते.

४/ ग्रंथाचे अध्याय सात : स्वर, रागविवेक, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. ‘प्रकीर्णक’ म्हणजे किरकोळ, इतर. प्रत्येकाच्या संगणकात असा एक ‘इतर’ फोल्डर असतोच. शार्ङ्गदेवाच्या ‘इतर’मध्ये मात्र वाग्गेयकार, गायकांचे गुणदोष, आवाजाचे प्रकार, गमक, आलप्ती आणि वृंद यांची वेगवेगळी नोंद आहे.

५/ रागांची एकूण संख्या २६४, आणि बेरीज तपासून पाहता येते. ग्रामराग ३०, उपराग ८, राग २०, भाषा ९६, विभाषा २०, अंतरभाषा ४. हे झाले १७८. पुढे रागांग २१, भाषांग २०, क्रियांग १५, उपांग ३०. हे झाले ८६. हिशेब चोख जुळतो.

६/ रागाचे केवळ नाव देऊन तो थांबत नाही. ग्रह, अंश आणि न्यास स्वर, मूर्च्छना, गाण्याचा ऋतू वा प्रहर, रस, देवता असे रकाने तो भरत जातो. आज ज्याला ‘मेटाडेटा’ म्हणतात, म्हणजे मूळ वस्तूविषयीची सुसंगत माहिती, ती हीच.

७/ त्याहून मोलाचा एक रकाना काळाचा आहे. शेवटच्या ८६ रागांपैकी ३४ त्याने ‘पूर्वप्रसिद्ध’ आणि ५२ ‘अधुनाप्रसिद्ध’ ठरवले. पूर्वी गाजलेले कोणते आणि आपल्या काळात प्रचलित कोणते, हे स्वतंत्र नोंदवले. प्रचारातून गेले म्हणून कोणाचे नाव खोडले नाही.

८/ तरीही एक मर्यादा उरतेच. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने आणि पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथाने या ग्रंथावर टीका लिहिल्या. आधुनिक अभ्यासकांनीही खूप खल केला. पण ते राग कानाला नेमके कसे लागत होते, याविषयी आजही मतभेद आहेत. शार्ङ्गदेवाकडे नोंद आहे, ध्वनी नाही.

९/ भारतात तबकडीवर ध्वनिमुद्रण होऊ लागले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत; तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून ही प्रथा पडली, असे सांगितले जाते. नोंद आणि ध्वनी तेव्हा एकाच खोबणीत कोरले गेले.

१०/ पुढे ही जोडी पुन्हा फुटली. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर गाण्यांच्या लांबीची नोंद असे, नावांची नसे. नंतर ‘सीडीडीबी’ ही सूची इंटरनेटवर उभी राहिली. गाण्यांच्या लांबीवरून ती डिस्क ओळखे. नावे मात्र जगभरच्या हौशी श्रोत्यांनीच टंकून दिलेली असत.

११/ एमपी३ फाइललाही स्वतःचे नाव नव्हते. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या शेपटाला १२८ बाइटची चिठ्ठी जोडली : ‘आयडी३’ टॅग. शीर्षक ३० बाइट, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३०, प्रकार १ आणि ‘टॅग’ ही खूण ३.

१२/ या चिठ्ठीचे माप पाश्चात्त्य गाण्याच्या अंगाचे होते. संगीतप्रकारांच्या मूळ यादीत ८० नावे होती. पुढे विनॅम्पने ती वाढवली, तेव्हा १२६ व्या क्रमांकावर चक्क ‘गोवा’ आला. पण तो गोव्याच्या किनाऱ्यावरच्या ट्रान्स संगीताचा. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग यांना जागा नव्हती.

१३/ लिपीचेही तेच. नंतर रूढ झालेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह आणि प्रत्येक मात्रा ३ बाइट घेते. ‘भीमसेन जोशी’ या नावात अशी १० चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे : एकूण ३१ बाइट. ३० बाइटांच्या रकान्यात जोशींची शेवटची वेलांटी तुटते!

१४/ फोल्डरची अडचण याहून जुनी आहे. फोल्डर म्हणजे कपाटाचा कप्पा. वस्तू एका वेळी एकाच कप्प्यात. पेशाने वकील असलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी (१८६०–१९३६) हिंदुस्थानी राग दहा थाटांत बसवले. व्यवस्था अत्यंत उपयुक्त ठरली, तरी पटदीप आणि मधुवंती यांचे स्वर दहांपैकी एकाही थाटाशी पूर्ण जुळत नाहीत. कप्पे ठरले की काही वस्तू बाहेर राहतातच.

१५/ ‘संगीत मानापमान’मधील पदाचे उदाहरण घ्यावे. शब्द कृ. प्र. खाडिलकरांचे, संगीत गोविंदराव टेंबे यांचे, नाटक १९११ चे. गाणारे पिढीगणिक बदललेले. मग ‘कलाकार’ कोण? ‘वर्ष’ नाटकाचे की ध्वनिमुद्रणाचे? पद ही एक गोष्ट आणि त्याचे विशिष्ट गायन ही दुसरी, हा भेद फोल्डर सांगू शकत नाही. त्यासाठी टॅगच हवा.

१६/ तंत्रज्ञानाने पुढे ही वाट मोकळी केली. १९९८ पासून ‘आयडी३’च्या दुसऱ्या आवृत्तीत लांबीची जुनी अट गेली आणि स्वतःचा रकाना जोडण्याची सोय झाली. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘म्युझिकब्रेन्झ’ या मुक्त सूचीत रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण वेगळे मानले जाते. तेथे आता राग आणि तालही नोंदवता येतात.

१७/ यातून घरच्या संग्रहासाठी साधे नियम निघतात.
• फोल्डर उथळ ठेवावेत : कलाकार, त्याखाली वर्ष व स्थळ.
• राग, ताल, साथीदार, घराणे हे सर्व टॅगमध्ये.
• नावाचे एकच रूप ठरवावे, ‘पं.’, ‘पंडित’ आणि नुसते नाव असे तीन प्रकार ठेवल्यास एका गायकाचे तीन गायक होतात.
• मूळ कॅसेटच्या खोक्यावरील मजकूर जसाच्या तसा ‘शेरा’ या रकान्यात उतरवावा.

१८/ आणि जे ठाऊक नाही तिथे ‘अज्ञात’ लिहावे. अंदाजाने टाकलेले वर्ष पुढच्या पिढीसाठी पुरावा होऊन बसते. व्यापारी तबकडीला निदान क्रमांक असतो, त्यावरून शोध घेता येतो. गणेशोत्सवातील वा दिवाणखान्यातील मैफलीच्या कॅसेटला तोही नसतो. ती माहिती घरातील ज्येष्ठांच्या स्मरणात असते, आणि विचारण्याची मुदत मर्यादित असते.

१९/ शार्ङ्गदेवाने ग्रंथारंभी भरत, मतंग आदी पूर्वसूरींची नावे आदराने दिली. कोणाकडून काय मिळाले याची तीही एक नोंदच. त्याच्या दप्तरात रागांची नावे, लक्षणे आणि काळ सुरक्षित राहिले, स्वर विरून गेले. आजच्या घराघरांत स्वर सुरक्षित आहेत, नावे विरत आहेत. पहिली हानी टाळणे देवगिरीच्या करणाधिपाच्या हाती नव्हते. दुसरी टाळायला एक कॅसेट, एक वही आणि आजोबांसोबतची एक दुपार पुरेशी आहे.