फीत कापली, पण शिकवणार कोण?

मुलगी जेवणच टाळायला लागली की आपल्याकडं "नखरे आहेत" म्हणून विषय संपतो. पण हा आजार असू शकतो. लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी १८७३ साली त्याला नाव दिलं, अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. घरच्यांच्या हातून अशा रुग्णाची काळजी नीट होत नाही, असं त्यांचं मत.

शंभरेक वर्षांनी लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयात जेराल्ड रसेल यांच्या टीमनं ८० रुग्णांवर अभ्यास केला. १९८७ चा निष्कर्ष उलटा निघाला: अ‍ॅनोरेक्सिया कोवळ्या वयात सुरू झालेला असेल आणि फार जुना नसेल, तर घरच्यांना सोबत घेऊन केलेल्या उपचारानं जास्त गुण येतो.

पण नुसतं छापून उपचार पसरत नाही. डॅनियल ल ग्रेंज तरुण संशोधक म्हणून तिथंच पीएचडी करताना ही पद्धत शिकले, पुढं अमेरिकेत गेले. २००१ साली जेम्स लॉक वगैरेंसोबत त्यांनी उपचाराची पुस्तिका लिहिली. त्यावरून पुढचे शिकले.

बातमीसाठी मी रुग्णालयांची बरीच उद्घाटनं पाहिली. फीत कापतात, खाटा मोजतात. आतल्या तरुण डॉक्टरला, संशोधकाला शिकवणार कोण, त्यासाठी पैसा किती वर्षांचा, हे कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी आपण विचारू या.