जनगणना, भारतातील : पूर्वतयारी व खर्च

देशातील प्रत्येक व्यक्तीची एका ठरावीक क्षणाच्या संदर्भाने होणारी दशवार्षिक मोजणी अचूक व निःपक्षपाती व्हावी, म्हणून आधी करावी लागणारी कायदेशीर, नकाशाविषयक, मनुष्यबळाची व पैशाची तजवीज. हा विषय संविधानाच्या संघसूचीत (नोंद 69) येतो. खर्च मुख्यतः केंद्राचा असतो, प्रत्यक्ष राबणारी माणसे मात्र बहुतांशी राज्यांची व स्थानिक संस्थांची असतात. 1872 ची मोजणी सर्वत्र एकाच वेळी झाली नव्हती. 1881 पासून ती एककालिक झाली. आसामात 1981 ची आणि जम्मू-काश्मीरमध्ये 1991 ची जनगणना झाली नाही.

प्रगणक दारावर येतो ते दोन-तीन आठवडे लोकांच्या लक्षात राहतात, पण मोजणी बिघडायची असेल तर ती बहुधा त्याआधीच बिघडलेली असते. पहिले काम सीमा गोठवण्याचे असते. ठरलेल्या तारखेनंतर जिल्हा, तालुका वा गाव यांच्या हद्दी बदलता येत नाहीत, कारण सगळा देश त्याच हद्दींच्या आत साधारण सहाशे ते आठशे वस्तीच्या प्रगणन गटांत वाटला जातो. शेजारच्या दोन गटांमध्ये एखादी गल्ली राहून गेली, तर प्रगणक कितीही प्रामाणिक असला तरी ती मोजली जात नाही. नंतर घरयादी होते आणि तिच्या आधारे पुढे माणसे मोजली जातात. महाराष्ट्रातील ऊसतोड टोळ्यांच्या उदाहरणावरून यातला पेच कळतो. घरयादी एप्रिल ते सप्टेंबर या काळात, म्हणजे बहुतेक मजूर गावी असताना होते. माणसे फेब्रुवारीत, ऐन गळीत हंगामात मोजली जातात. मोजणीचा सर्व काळ बाहेर असलेल्याला गावच्या घरी मोजू नये आणि तो जिथे सापडेल तिथे मोजावे, असा नियम आहे. म्हणून मजुराच्या बीडकडच्या घराला कुलूप असते, आणि कारखान्याच्या परिसरातल्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) घरयादीच्या वेळी उभ्याच नसतात. तालुक्याच्या चार्ज अधिकाऱ्याने अशा तळांची यादी हंगामाआधी केली नसेल, तर माणसे नियमाने मोजण्याजोगी असूनही सुटतात. पालावरच्या वस्त्यांनाही हेच लागू आहे.

पैसा ओतला की तयारी होते, या समजाला 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणाने उत्तर दिले आहे. त्यावर सुमारे 4,900 कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षीच्या मुख्य जनगणनेचा खर्च सुमारे 2,200 कोटी होता. सर्वेक्षण कागदावर नव्हे, टॅब्लेटवर झाले. वंचिततेविषयीची त्याची माहिती घरकुलासारख्या योजनांसाठी वापरली गेली, पण जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. महाराष्ट्र शासनाने ते मागितले, तेव्हा केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले की 1931 च्या 4,147 जातींच्या जागी या वेळी सुमारे 46 लाख नावे नोंदली गेली आहेत. एकाच जातीची पोटजात, आडनाव, कुळ आणि चुकीचे स्पेलिंग या सगळ्यांची वेगवेगळी नोंद झाली होती. जातींची सांकेतिक सूची आधी केली नव्हती, आणि यंत्राने जे टिपले ते तसेच साठवले. एप्रिल 2025 मध्ये मुख्य जनगणनेतच जात मोजण्याचा निर्णय झाला. तो राजकीयदृष्ट्या योग्य की अयोग्य, हा या नोंदीचा विषय नाही. सूची मोजणीपूर्वी पक्की असणे मात्र या अनुभवानंतर अपरिहार्य मानावे लागते.

निःपक्षपातीपणाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण तिथे चूक अजाणता होतेच असे नाही. नागालँडची लोकसंख्या 1991–2001 या दशकात 64.53 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. 2011 मध्ये ती 19.9 लाखांवरून 19.8 लाखांपर्यंत खाली आली. 2001 ची मोजणी फुगलेली होती, हे राज्य शासनानेही पुढे मान्य केले. फुगवट्यामागे मतदारसंघांच्या पुनर्रचनेतील जागांची ओढ होती, असे सामान्यतः मानले जाते. मणिपूरमधील सेनापती जिल्ह्याच्या तीन उपविभागांचे 2001 चे आकडेही जनगणनेच्या महानिबंधकांनी ग्राह्य धरले नाहीत.

खर्च : 2011 ची जनगणना दरडोई सुमारे 18 रुपयांत झाली. 2021 च्या नियोजित जनगणनेसाठी डिसेंबर 2019 मध्ये 8,754.23 कोटी मंजूर झाले; महासाथीमुळे ती लांबली. डिसेंबर 2025 मध्ये 2027 साठी 11,718.24 कोटी मंजूर झाले. मंजुरीचा आकडा मोठा असला तरी अर्थसंकल्पातील वार्षिक तरतूद कशी हलते ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. जनगणनेच्या शीर्षाखाली 2021–22 मध्ये 3,768 कोटी होते, 2025–26 मध्ये 574.80 कोटी. नकाशे व प्रशिक्षण यांचा पैसा उशिरा मिळाला, तर मोजणीच्या वर्षी कितीही दिला तरी ती कामे तेव्हा नीट होत नाहीत.

एवढा खर्च कशाला, नमुना सर्वेक्षणे आणि आधार आहेतच, असा आक्षेप घेतला जातो. पण कुटुंब-आरोग्य सर्वेक्षणासारखी नमुना सर्वेक्षणे आपला नमुना जनगणनेच्याच चौकटीतून निवडतात; चौकट जुनी झाली की नमुन्यातही नव्या वस्त्या कमी येतात. आधार ही ओळखीची नोंद आहे; आज कोण कुठे राहते, हे तिच्यातून खात्रीने कळत नाही. मोजणी न करण्याचाही खर्च असतो, तो फक्त दुसऱ्या खात्यात पडतो. अन्नसुरक्षा कायद्यातील लाभार्थी-संख्या प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेवर ठरते, म्हणून सुमारे 81 कोटींची मर्यादा 2011 लाच बांधलेली राहिली. शिक्षकांना या कामाला जुंपल्याने शाळांचे नुकसान होते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करणारे शिक्षणहक्क कायद्याचे कलम 27 दशवार्षिक जनगणनेला अपवाद करते, तरी वर्ग बुडतातच. मात्र गाव ओळखणारी आणि कायद्याने उत्तरदायी अशी सुमारे तीस लाख माणसे दुसऱ्या कोणत्या खात्याकडून मिळणार, याचे पटण्याजोगे उत्तर आक्षेपकांनी दिलेले नाही.

गोपनीयता : 1948 च्या जनगणना अधिनियमाच्या कलम 15 नुसार व्यक्तीची नोंद कुणाला पाहता येत नाही, किंवा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

विदाप्रक्रिया : 2001 पासून अनुसूची स्कॅन करून अक्षरे यंत्राने वाचली जाऊ लागली.

पडताळणी : मोजणीनंतर निवडक गटांत वेगळ्या पथकाकडून फेरमोजणी होते. 2011 च्या फेरमोजणीत निव्वळ गळती हजारी सुमारे 23 आढळली. 121 कोटींच्या देशात ती पावणेतीन कोटींच्या आसपास जाते. हा आकडा अहवालात छापला जातो, जाहीर लोकसंख्येत मिळवला जात नाही.