सेडम

क्रॅसुलेसी कुलातील मांसल पानांची प्रजाती. खडकांच्या फटींत वाढणाऱ्या हिच्या जातींना बागेत पाण्याहून निचरा महत्त्वाचा. अनेक जाती पर्णरंध्रे रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लरूपात साठवतात, त्यामुळे दिवसा पाणी वाचते. मुळांशी साचलेले पाणी मात्र त्यांना कुजवते. सुपीक मातीत वाढ जोमदार होते, हे खरे. पण ती वाढ लांबट, लुळी असते. मेक्सिकोतील सेडम मोर्गानियानमची पाने जराशा धक्क्याने गळतात. हा दोष म्हणावा, तर तिची अभिवृद्धीही त्यातूनच होते: गळलेले पान सावलीत सुकवून वाळूमिश्रित मातीवर ठेवल्यास देठाकडून मुळे व कोंब फुटतात. रोप लवकर हवे असल्यास खोडाचे छाट लावणेच बरे. कोकणातील पावसाळ्यात कुंडी छपराखाली हलवावी.