खानाजंगी त्यांची, कापूस आमचा

अमेरिका हा शब्द कानावर पडला की आमच्या मोहल्ल्यांत गेली पंचवीस वर्षे ठरावीक नावेच आठवतात. काबूल, बगदाद, फलुजा. आणि आता गाझा. २००१ साली अफगाणिस्तानवर बॉम्ब पडू लागले, २००३ च्या मार्चमध्ये इराकवर हल्ला झाला, तेव्हा जुम्याच्या नमाजनंतर दुआ झाल्या, पत्रके वाटली गेली, शीतपेयांवर बहिष्कार घालण्याची आवाहने झाली. त्या संतापात खोटे काही नव्हते. ज्या संहारक अस्त्रांच्या नावाने इराक बेचिराख केला, ते साठे इराककडे नव्हतेच, असा निर्वाळा पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने दिला.

पण आमचे एक निरीक्षण आहे. आपण अमेरिकेकडे नेहमी दूरदेशीच्या भावांवर जुलूम करणारी सत्ता म्हणून पाहतो. तिच्या एका युद्धाने आमच्याच अंगणात, या वऱ्हाड-नागपुरात, काय करून ठेवले याची मात्र आम्हाला गंधवार्ता नसते. त्या युद्धात अमेरिकेने इकडे एकही शिपाई पाठवला नव्हता, एकही गोळी झाडली नव्हती. तरीही इथले रान, रस्ते, बाजार आणि विणकराचा माग यांची घडी विस्कटली ती विस्कटलीच.

उर्दूत यादवी युद्धाला खानाजंगी म्हणतात. ‘खाना’ म्हणजे घर. घरातल्या घरात झालेली जंग. उर्दू शाळेच्या वर्गात हा शब्द आला की मुले हमखास हसतात. नागपूर-कामठीच्या बोलीत खाना म्हणजे जेवण, तेव्हा जेवणावरून झालेली मारामारी असा अर्थ ती लावतात. वऱ्हाडापुरता तो अर्थ अगदीच चुकीचा नाही, ते पुढे येईलच.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्ये एकमेकांवर तुटून पडली. दक्षिणेची सगळी श्रीमंती कापसाची, आणि तो कापूस पिकवणारे हात हबशी गुलामांचे. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या याच कापसावर चालत. अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि मँचेस्टरचा घास अडकला. १८६० मध्ये इंग्लंडला लागणाऱ्या कापसात हिंदुस्थानचा वाटा अवघा १६ टक्के होता. १८६२ मध्ये तो ७५ टक्क्यांवर गेला. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव तिप्पट-चौपट झाले.

आता योगायोग पाहा. निझामाच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी दाखवून इंग्रजांनी १८५३ साली वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले. १८६१ च्या नोव्हेंबरात मध्य प्रांत तयार झाला. हिंगणघाटचा कापूस, अमरावती-खामगावचा बाजार आणि काळी कसदार जमीन, सगळे एका हाती आले ते नेमके तिकडे तोफा धडाडू लागण्याच्या सुमारास. याला आम्ही कट म्हणणार नाही. परंतु मँचेस्टरच्या गिरणी मालकांचा वऱ्हाडच्या कापसावर डोळा आधीपासून होता, हेही कुणी नाकारू नये.

त्यापूर्वी इथला कापूस कुठे जात होता? बराचसा बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल चालून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. त्यातला काही पुढे कलकत्त्याला, तर काही त्या मुलखातल्या मागांवर. १८५७ च्या बंडानंतर त्याच मुलखातून, बनारस, अलाहाबाद, मऊ, मुबारकपूरकडून, मोमिन विणकरांचे तांडे दक्षिणेकडे निघाले. कुणी बऱ्हाणपुरात थांबले, कुणी मालेगावात, भिवंडीत, कुणी कामठीत. इंग्रजांचा सूड हे एक कारण, मोडलेला धंदा हे दुसरे. एकेकाळी इथला कापूस त्यांच्या गावी जात असे. आता माणसेच कापसाच्या गावी येऊ लागली. आणि इथे येऊन पाहतात तो कापूस विलायतेच्या बाजारभावाने विकला जातो आहे. सूत महागले. विणकराच्या कापडाला मात्र तो भाव कोण देणार? गिऱ्हाईक म्हणजे खेड्यातला गरीब माणूस. युद्धाच्या त्या चार वर्षांत ज्यांच्याकडे कापूस होता ते तरले आणि ज्यांना कापूस विकत घ्यावा लागे ते बुडाले. यात कोष्टी होते, मोमिन होते, विणकाम करणारे महार होते. महागाईने कुणाची जात किंवा मजहब विचारला नाही.

सरकी काढण्याचे हातरेचे घरोघर बायका चालवीत. पुढे वाफेवर चालणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि ते रेचे थांबले. पिंजारी बांधवांच्या हाती गाद्या-रजया भरण्यापुरते काम उरले. आमच्या समाजातल्या एका अख्ख्या बिरादरीची कहाणी एवढ्या एका वाक्यात संपते. तिच्यावर एखाद्या अभ्यासकाने सविस्तर लिहावे अशी आमची इच्छा आहे.

युद्ध १८६५ मध्ये संपले, पण इंग्रजांनी इकडची पकड ढिली केली नाही. २० फेब्रुवारी १८६७ रोजी आगगाडी नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावला फाटा काढला गेला, पुढच्या वर्षी अमरावतीला. या फाट्यांचा नकाशा नीट पाहिला तर ते माणसांसाठी नसून कापसाच्या गाठींसाठी होते हे लक्षात येते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस कमिशनर नेमला गेला. रिव्हेट-कार्नाक हे त्याचे नाव. या साहेबाच्या अहवालातला हिशेब वाचण्यासारखा आहे. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आणले म्हणजे देशी कापड मार खाईल. इथे सुतात जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. रिकामे झालेले विणकर आणि सूत कातणारे शेतमजुरीला लागतील. त्यांच्या हातून जंगलाची जमीन फोडून लागवडीखाली आणता येईल. माग मोडणे आणि रान तोडणे ही दोन वेगळी कामे नव्हती, एकाच कामाच्या त्या दोन बाजू होत्या. पर्यावरणाच्या गोष्टी करणाऱ्या विद्वानांनी आणि विणकरांच्या प्रश्नावर भाषणे करणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांनी हा अहवाल एकत्र बसून वाचायला हवा.

आणि तसेच झाले. गायराने नांगराखाली गेली, गवताळ पट्टे गेले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी मध्य प्रांताच्या सागवानी जंगलावर कुऱ्हाड चालली. उरलेल्या जंगलाला १८७८ च्या कायद्याने कुंपण घातले, म्हणजे सरपण आणि चराई हा गुन्हा ठरला. बंजाऱ्यांच्या बैलांना आगगाडीने बेकार केले होतेच. ज्वारीच्या शिवारात कापूस आला. गावोगावी धान्याची पेवे भरून ठेवण्याची जी रीत होती, तिची जागा सावकाराच्या वहीने घेतली.

भाव कोसळले तेव्हा मुंबईतही हाहाकार उडाला. १ जुलै १८६५ हा दिवस शेअर बाजाराच्या इतिहासात काळा दिवस म्हणून नोंदला गेला. प्रेमचंद रायचंदसारखा धनाढ्य त्यात सापडला. जमशेटजी टाटांच्या वडिलांची पेढीही अडचणीत आली, जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. मुंबईचे सावरले. प्रेमचंदांच्या देणगीचा राजाबाई टॉवर अजून उभा आहे. जमशेटजींनी पुढे आमच्याच नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली, आणि माग हरवलेले कितीतरी कारागीर तिथे पगारी कामगार झाले. कुणब्याचे मात्र सावरले नाही. चढ्या भावाच्या वर्षांत सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले होते, त्याची वसुली पडत्या भावात सुरू झाली. पुणे जिल्ह्यात सुप्याला १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या दंग्याच्या चौकशी आयोगालाही अमेरिकन युद्धातल्या तेजी-मंदीची दखल घ्यावी लागली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि त्यामागून १८९९-१९०० चा. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी जवळजवळ दीड लाख माणसे कमी. देशातल्या सुपीक मुलखांपैकी एकाची ही गत! गुरांना चारा नव्हता, कारण गायरान नव्हते. माणसांना ज्वारी नव्हती. आणि त्याच काळात कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती आगगाडीने मुंबईकडे जातच होती. लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले आहे, १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात हे सारे तपशिलाने आले आहे. वर्गातली मुले खानाजंगीचा जो अर्थ लावतात तो हा असा.

इथे कुणी विचारील, मग काय लिंकनने गुलाम मुक्त करायला नको होते? तौबा! १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा माणुसकीच्या इतिहासातले मोठे पाऊल आहे. त्या गुलामांत आमचे दीनी बांधवही होते, हे किती जणांना ठाऊक आहे? आफ्रिकेच्या फुता तोरो प्रदेशातले उमर इब्न सईद हे आलिम १८०७ मध्ये पकडून अमेरिकेत विकले गेले. त्यांनी १८३१ मध्ये अरबीत आत्मचरित्र लिहिले, आणि या युद्धाच्या काळातच, गुलाम म्हणूनच, त्यांचा अंत झाला. आमचे म्हणणे वेगळे आहे. तिकडे गुलामांची बेडी तुटली तेव्हा कापसाच्या व्यापाऱ्यांना धडा मिळाला तो हा की, चाबकाशिवायही कापूस स्वस्तात मिळतो. शेतकरी नावाचा आझाद असावा, फक्त कर्जात असावा. वऱ्हाडात ते करून पाहता आले.

विसाव्या शतकातले बरेच आम्ही सोडून देतो. एवढेच सांगतो की १९६५-६६ च्या अन्नटंचाईत अमेरिकेच्या अध्यक्ष जॉन्सन यांनी भारताला गहू देताना हात राखून, महिन्या-महिन्याच्या हिशेबाने दिला, आणि व्हिएतनामच्या युद्धावर भारताने केलेली टीका हे त्यामागचे एक कारण होते. त्याच व्हिएतनामच्या जंगलांवर १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी सुमारे दोन कोटी गॅलन तणनाशके फवारली. पाने झडावीत, लपलेला शत्रू दिसावा, पिके जळावीत म्हणून. त्यातले एजंट ऑरेंज बनविणाऱ्या कंपन्यांत मोन्सॅन्टो ही एक होती.

हे नाव विदर्भाला नंतर चांगले पाठ झाले. १९९८ मध्ये मोन्सॅन्टोने जालन्याच्या महिको कंपनीत २६ टक्के भाग घेतला आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला केंद्राची परवानगी मिळाली. हिंगणघाटची ‘बनी’ ही देशी जात कोरड्या रानातही तग धरी आणि तिची सरकी शेतकरी पुढच्या पेऱ्याला ठेवी. संकरित बीटीचे बियाणे दरसाल विकत घ्यावे लागे. न्याय्य बोलायचे तर पहिली काही वर्षे बोंडअळी आटोक्यात राहिली, उत्पादनही वाढले. सगळा दोष बियाण्यावर टाकणे आम्हाला पटत नाही. सिंचन नाही, बँका दारात उभे करीत नाहीत, एकाधिकार खरेदी मोडीत निघाली, याची जबाबदारी वॉशिंग्टनची नाही, दिल्ली-मुंबईची आहे. पण अळीने विषाला दाद देणे बंद केले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची बोंडे पोखरली, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. २०१८ मध्ये मोन्सॅन्टो जर्मनीच्या बायरने विकत घेतली. नाव पुसले गेले.

इराककडे पुन्हा वळतो, कारण धागा तोच आहे. २००४ च्या एप्रिलमध्ये तिथला अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर याने ८१ क्रमांकाचा हुकूम काढला. नोंदणीकृत वाणाचे बियाणे शेतकऱ्याने राखून पुन्हा पेरण्यास त्यात मनाई होती. ज्या दजला-फुरातच्या खोऱ्यात हजारो वर्षांपासून गहू पिकतो, तिथे हा कायदा! बगदादसाठी आमचे डोळे भरून आले, पण या हुकमाची चर्चा आमच्या जलशांत झाल्याचे आम्हाला स्मरत नाही.

तीच गोष्ट अनुदानाची. २००१-०२ मध्ये जगात कापसाचे भाव तीस वर्षांच्या नीचांकाला गेले. त्या हंगामात अमेरिकेने आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलर वाटले. त्या पैशावर पिकलेला स्वस्त कापूस जगभर गेला. सप्टेंबर २००३ मध्ये कॅनकूनच्या व्यापार परिषदेत माली, चाड, बुर्किना फासो आणि बेनिन या चार गरीब देशांनी याविरुद्ध आवाज उठवला. यातल्या पहिल्या तीन देशांत बहुसंख्य मुसलमान आहेत. मालीचा कास्तकार आणि यवतमाळचा कास्तकार एकाच भावाने मारले जात होते. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावून तो जिंकला, तर अमेरिकेने अनुदान पुरते बंद करण्याऐवजी ब्राझीलच्या कापूसवाल्यांनाच पैसे देऊन प्रकरण मिटवले. २०१४ च्या तडजोडीत ३० कोटी डॉलर. आमच्या विदर्भाला १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांचे ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज मिळाले, तेही आत्महत्यांचा आकडा देशभर गाजल्यावर.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली, त्या जागेवर आता मॉल आहे. कामठीच्या मागांवरून उठलेली कितीतरी घरे विड्या वळू लागली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले. त्यात आमच्या देशाचे तयार कपडेही आले. त्याच महिन्यात, १९ ऑगस्टपासून, भारत सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात ८,११० रुपये क्विंटल होता. विदर्भातली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. त्या दिवसांत खासगी व्यापारी हमीभावाच्या खाली भाव बोलत होते.