बायबल अभ्यासाची ॲप्स फुकट, पण आतली पुस्तकं कोणत्या काळातली?

फोनवर बायबलचं ॲप उघडायचं, एखाद्या वचनावर बोट ठेवायचं. खाली मूळ ग्रीक शब्द, त्याचा नंबर, त्याचा अर्थ आणि सोबत चार-पाच जुन्या अभ्यासकांची भाष्यं हजर. खर्च शून्य. उपदेशाची तयारी करणारे पाळक असोत, संडे स्कूलचे शिक्षक असोत किंवा धर्मग्रंथांबद्दल कुतूहल असलेला कुणीही वाचक, सगळ्यांसाठी ही मोठीच सोय आहे. पण ही पुस्तकं फुकट का मिळतात, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, कॉपीराइट संपलेला आहे. अमेरिकेत जुन्या पुस्तकांवरचा हक्क प्रकाशनानंतर जास्तीत जास्त ९५ वर्षं टिकतो. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. त्यामुळे मोफत सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पुन्हा तीच नावं दिसतात. मॅथ्यू हेन्रीचं भाष्य हे त्यातलं सगळ्यात परिचित. हेन्री वारला १७१४ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर जेमतेम ३४ वर्षांनी. त्याचं स्वतःचं लेखन प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतच पोहोचलं होतं, पुढचा भाग इतर पाळकांनी पूर्ण केला. ईस्टनचा बायबल शब्दकोश १८९७ चा, थेयरचा ग्रीक कोश १८८० च्या दशकातला, स्ट्राँगची शब्दसूची १८९० ची.

जुनं म्हणजे वाईट असं नाही. हेन्री आजही वाचावा, एखाद्या वचनातून जगण्याला लागू होणारं काय काढायचं यात त्याचा हात धरणारे कमी आहेत. अडचण येते ती भाषा आणि इतिहासाच्या माहितीत. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये गुंडाळ्या सापडायला सुरुवात झाली १९४७ च्या सुमारास. त्यातली यशयाची गुंडाळी तोवर हाती असलेल्या हिब्रू हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. ईस्टनच्या शब्दकोशात याचा उल्लेख असणं शक्यच नाही. ग्रीकचंही तसंच. इजिप्तच्या वाळूतून निघालेली साधी पत्रं, पावत्या आणि करारनामे वाचून जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी १८९५ पासून दाखवून दिलं, की नव्या कराराची ग्रीक ही काही वेगळी ‘पवित्र’ भाषा नव्हती, तर बाजारात बोलली जाणारी रोजची भाषा होती. थेयरचा कोश त्याआधीच छापून झाला होता.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मात्र स्ट्राँगच्या नंबरांवरून. जेम्स स्ट्राँग यांनी इंग्रजी किंग जेम्स बायबलमधल्या प्रत्येक शब्दामागचा मूळ शब्द शोधून त्याला क्रमांक दिला. हिब्रूसाठी ते ८६७४ पर्यंत जातात, ग्रीकसाठी ५६२४ पर्यंत. ग्रीक न येणाऱ्यालाही मूळ शब्दापर्यंत नेणारी ही युक्ती अफाट आहे आणि आजची सॉफ्टवेअरही त्याच नंबरांवर चालतात. पण नंबराखाली दिसणारी यादी अनेकदा निव्वळ अर्थांची नसते. किंग जेम्सने तो शब्द कुठे कुठे कोणत्या इंग्रजी शब्दांनी मांडला, त्याची ती नोंद असते. मेन्यूकार्डासारखा त्यातला आवडेल तो अर्थ उचलून वचनाला चिकटवता येत नाही.

उपदेशात नेहमी ऐकू येणारं एक उदाहरण घेऊ. नंबर २५ ‘अगापाओ’ म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रीती आणि नंबर ५३६८ ‘फिलेओ’ म्हणजे मित्रांमधली साधी माया, असं ठासून सांगितलं जातं. ॲपमध्येच तपासून पाहा. योहान ३:३५ मध्ये पिता पुत्रावर प्रीती करतो, तिथे अगापाओ आहे. योहान ५:२० मध्येही पिता पुत्रावर प्रीती करतो, पण तिथे फिलेओ! तोच लेखक, तेच नातं, शब्द मात्र दोन. कोशातली व्याख्या पाठ करण्यापेक्षा तो शब्द बाकी ठिकाणी कसा वापरलाय हे शोधणं जास्त कामाचं, आणि हा शोध मोफत सॉफ्टवेअर काही सेकंदांत लावून देतं.

मग घ्यायचं काय? फक्त वाचायचं किंवा ऐकायचं असेल तर यूव्हर्जन पुरेसं आहे, त्यात मराठीही आहे. मूळ शब्दांत शिरायचं असेल तर केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल ब्राउझरमध्ये चालतं आणि संगणकावर उतरवूनही घेता येतं. विंडोजवर ई-स्वोर्ड २००० सालापासून मोफत आहे. अँड्रॉइडसाठी अँडबायबल हे मुक्त स्रोत ॲप आहे, जाहिराती नाहीत आणि पुस्तकं एकदा उतरवली की नेटशिवाय चालतं. जुन्या भाष्यांच्या जोडीला काही ताजं हवं असेल तर इंग्रजी नेट बायबलच्या ६० हजारांवर टिपा ऑनलाइन फुकट वाचता येतात. अमुक शब्द असाच का भाषांतरित केला, हे त्यात अनुवादक स्वतः सांगतात. हक्क त्यांच्याकडेच आहेत, वाचायला मात्र मनाई नाही.

मराठीत अभ्यासाची साधनं कमी आहेत, हे खरं. भाषांतरं मात्र एकाहून जास्त आहेत आणि प्रत्येकाचा परवाना वेगळा आहे. बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या ‘पवित्र शास्त्र’चे हक्क राखीव आहेत. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात आहे, म्हणजे श्रेय देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून ते वापरता येतं. रोज सकाळी वचनाचं पोस्टर बनवून ग्रुपवर टाकणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवलेला बरा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं साध्या मराठीतलं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यावरचा कॉपीराइट तर केव्हाच संपलाय.

राहिला प्रश्न ‘हजार पुस्तकांचा फुल पॅक’ अशा लिंक्सचा. त्यात आजच्या लेखकांची विकत मिळणारी भाष्यं असतील, तर ती बहुधा परवानगीशिवाय टाकलेली असतात. शिवाय अशा फाइलमध्ये पानं गळालेली आहेत की मजकूर बदललाय, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. त्यासाठी ॲपमध्येच पुस्तकाच्या नावाशेजारी असलेली ‘माहिती’ उघडावी. लेखक, मूळ प्रकाशनाचं वर्ष आणि परवाना या तिन्ही गोष्टी चांगल्या संग्रहात तिथे लिहिलेल्या असतात. क्रॉसवायरच्या स्वोर्ड प्रकल्पात तर परवान्यासाठी वेगळा रकानाच आहे आणि अँडबायबल पुस्तकं प्रामुख्याने तिथूनच घेतं.