अंबरनाथची काडेपेटी आणि चीनची मोटार

परवा संध्याकाळी विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर माझे दोन जुने विद्यार्थी भेटले. दोघेही एकाच वर्गातले, आता पन्नाशीला टेकलेले. एकाची स्वतःची टुरिस्ट गाडी आहे, तो कल्याणपासून बदलापूरपर्यंतची भाडी मारतो. दुसरा मोटारींच्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि आता तो एका सोसायटीत देखरेखीचं काम करतो.

विषय निघाला बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचा. पहिला म्हणाला, "सर, चीनमध्ये आठ-साडेआठ लाखांत चांगली गाडी मिळते. इथे का येऊ देत नाहीत? हप्ता मला भरायचाय. टाकीत देशभक्ती ओतून गाडी चालत नाही."

दुसरा भडकला. "आण की! म्हणजे माझ्यासारखे आणखी हजार जण घरी बसतील. वर पैसा जाणार कुणाच्या खिशात? गलवानमध्ये आपली माणसं मारणाऱ्यांच्या."

मग दोघंही माझ्याकडे वळले. "सर, बाबू गेनूचा धडा तुम्हीच शिकवला होतात. आता तुम्हीच सांगा."

खरं सांगतो, मला काही सांगता आलं नाही. चहा गार झाला एवढं बोलून मी घरी आलो. पण मास्तरकीची खोड जात नाही. वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी देता आलं पाहिजे. म्हणून हा लेख.

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. विठ्ठलवाडीहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की उल्हासनगरनंतर अंबरनाथ येतं. तिथे विम्को नाका आहे. रिक्षावाले रोज ते नाव पुकारतात, पण विम्को म्हणजे काय ते नव्या पिढीला ठाऊक नाही. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आगपेट्यांचा कारखाना. मालक स्वीडिश.

आता स्वीडनचे लोक अंबरनाथला कशाला आले? त्याचं कारण म्हणजे जकात. पहिल्या महायुद्धाच्या काळात आपल्याकडे जपानी काडेपेट्यांचा सुकाळ होता. 1922 साली सरकारने परदेशी काडेपेट्यांवरची जकात एवढी वाढवली की ती ग्रोसमागे दीड रुपया झाली, म्हणजे मूळ मालाच्या किमतीहूनही जास्त. सरकारचा हेतू तिजोरी भरण्याचा होता, स्वदेशीचा नव्हता. पण भिंत उभी राहिली ती राहिलीच. स्वीडिश मॅच कंपनीने हिशोब केला की भिंतीवरून माल फेकत बसण्यापेक्षा भिंतीच्या आत कारखाना काढलेला बरा. 1923 मध्ये विम्को स्थापन झाली आणि लवकरच अंबरनाथला काड्या तयार होऊ लागल्या.

तेव्हाही आजच्यासारखाच वाद झाला. देशी कारखानदारांची तक्रार होती की जकात आमच्यासाठी म्हणता आणि तिच्या सावलीत परदेशी कंपनीच मोठी होते. 1926 मध्ये हे प्रकरण टॅरिफ बोर्डाकडे गेलं आणि 1928 मध्ये त्या जकातीला कायद्याने संरक्षक जकातीचं रूप मिळालं. भिंत राहिली आणि भिंतीच्या आतले स्वीडिशही राहिले. अंबरनाथच्या कितीतरी घरांच्या चुली त्या कारखान्यावर पेटल्या. पण यंत्र त्यांचं, मालकी त्यांची आणि निर्णयही त्यांचे. आज नाक्याला नाव उरलं आहे, भोंगा उरलेला नाही.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. त्याच 1922 साली तमिळनाडूतल्या शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघं कलकत्त्याला गेले, काड्या करण्याची विद्या शिकले आणि 1923 मध्ये गावी परतून त्यांनी उद्योग सुरू केला. मोठी यंत्रं परवडणारी नव्हती, म्हणून हातकाम. त्यातून पुढे काडेपेट्यांची शिवकाशी उभी राहिली. तिथे लहान मुलांना कामाला जुंपल्याचा डाग आहे, तोही विसरता येत नाही. पण धंदा त्यांचा स्वतःचा झाला.

एकच भिंत आणि एकच वर्ष. एका गावी परकी कंपनी आली, दुसऱ्या गावी माणसं विद्या शिकून आली. भिंतीने फक्त वेळ मिळवून दिला. त्या वेळेचं काय केलं, यावर सगळं ठरलं. माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या भांडणातला हरवलेला मुद्दा हाच आहे, असं मला वाटतं.

आता मोटारीकडे येऊ. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग बाहेरून यायचे, इथे फक्त जोडणी व्हायची. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने सांगितलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथे बनवा. जनरल मोटर्सने 1954 मध्ये गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र राहिली आणि फियाट बनवू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली.

त्या फियाटवर आपलं प्रेम होतं. पण खरं सांगा, तीस-चाळीस वर्षांत ती बदलली किती? गाडीसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. स्पर्धा नाही, त्यामुळे सुधारण्याची घाईही नाही. भिंत होती, वेळ होता, पण तो वाया गेला. भिंतीत 1983 मध्ये सुझुकीला घेऊन मारुती नावाची एक खिडकी उघडली आणि गिऱ्हाईक तिकडे धावलं. पद्मिनीचं उत्पादन शतकाच्या अखेरीस थांबलं आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. आपण हळहळलो. हळहळ खरी होती, पण पद्मिनीला चिनी मालाने मारलं नव्हतं.

मारुतीतही सुरुवातीला बहुतेक भाग जपानहून यायचे. पुढे येन महागला, आयात परवडेना आणि इथल्या छोट्या कारखान्यांना भाग बनवायला शिकवणं भाग पडलं. आज आपल्याकडे सुट्या भागांचा एवढा मोठा उद्योग आहे, त्याच्या मुळाशी ही शिकवणी आहे.

गंमत अशी की चीननेही जवळजवळ त्याच वेळी दार किलकिलं केलं. 1984 मध्ये शांघायमध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगनशी भागीदारी झाली. परक्या मोटार कंपनीने चिनी भागीदार घ्यायचा आणि निम्म्याहून जास्त मालकी मागायची नाही, असा नियम त्यांनी पुढे कित्येक वर्षं चालवला. भिंत त्यांनीही बांधली होती. बीवायडी ही आज जगभर गाजणारी कंपनी 1995 मध्ये बॅटऱ्या बनवण्यासाठी निघाली आणि मोटारीच्या धंद्यात आली 2003 मध्ये. गाडीचा जीव बॅटरीत आहे आणि ती विद्या त्यांनी आधी हात काळे करून घेतली. तिची सीगल ही छोटी गाडी चीनमध्ये सत्तर हजार युआनच्या आसपास मिळते. माझा विद्यार्थी म्हणतो ती हीच असावी. आपल्याकडे अख्खी गाडी आणायची तर सत्तर टक्के किंवा त्याहूनही जास्त जकात बसते.

आता दुसऱ्या विद्यार्थ्याचा मुद्दा. तळेगाव दाभाडे हे नाव घेतलं की माझ्यासारख्याला पैसा फंड आठवतो. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये तिथे काचेचा कारखाना निघाला. तो चालवायला जपानमध्ये काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय आणले गेले. स्वदेशीच्या ऐन भरातसुद्धा विद्या बाहेरून आणण्यात त्या लोकांना कमीपणा वाटला नाही, हे आपण वर्गात सांगायचं विसरलो. मीसुद्धा विसरलो.

त्याच तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. तो घ्यायला ग्रेट वॉल ही चिनी कंपनी पुढे आली. 15 जून 2020 रोजी महाराष्ट्र सरकारबरोबर सुमारे 3,770 कोटींचा करार झाला आणि त्याच रात्री गलवान घडलं. आपले वीस जवान गेले. करार स्थगित झाला आणि मला वाटतं त्या क्षणी दुसरं काही होणं शक्यही नव्हतं. 2020 च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं, हजारावर कामगार रस्त्यावर आले. 2022 मध्ये चिनी कंपनीचा नाद सुटला आणि 2023 मध्ये तो कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. सीमेवरचं रक्त आणि कामगाराची चूल, दोन्ही खरी. यातलं एक मोठं नि दुसरं छोटं असं मला म्हणवत नाही.

पण चीन खरोखर बाहेर राहिला का? याच जनरल मोटर्सचा गुजरातेतला हालोलचा कारखाना शांघायच्या सैक कंपनीने आधीच घेतला होता. ही तीच कंपनी, जिने 1984 मध्ये फोक्सवॅगनबरोबर भागीदारी केली. तिथे एमजी नावाच्या गाड्या बनतात. नाव जुनं इंग्रजी, आता भागीदार जिंदाल. आपल्या चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या नव्या बॅटरीगाड्यांत सेल बीवायडीचे. आणि 2025 च्या जुलैत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं दुकान थाटात उघडलं, तिथली साठ लाखांच्या घरातली 'अमेरिकन' गाडी शांघायहून आलेली. तिच्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही. म्हणजे चिनी गाडी साठ लाखांची असेल तर चालते. आठ लाखांची आली तर देशप्रेम आठवतं.

हे वाचून उल्हासनगरच्या जुन्या माणसांना हसू येईल. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिली. 1949 मध्ये या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. हाती काही नव्हतं, म्हणून मिळेल ते बनवलं आणि स्वस्तात विकलं. वस्तूवर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असलं की लोक हसायचे, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! आम्हीही हसलो. 'उल्हासनगरचा माल' ही आमच्या घरात शिवी होती. पुढे याच गावच्या जीन्स देशभर गेल्या. आज 'चायना माल' म्हणताना आपल्या तोंडाला तोच वाकडेपणा येतो. ज्याला हसतो त्याच्याकडून आपण शिकत नाही, हे त्या हसण्यातलं नुकसान.

राहिला बाबू गेनू. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा होऊन तो बावीस वर्षांचा गिरणी कामगार गेला. हा धडा शिकवताना दर वर्षी माझा आवाज जड व्हायचा. पण एक गोष्ट मी मुलांना कधी नीट सांगितली नाही. परदेशी कापड नको म्हणणाऱ्याच्या हाताशी तेव्हा मुंबईच्या गिरण्यांचं कापड होतं, खादी होती. 'ते नको' म्हणताना 'हे घे' म्हणता येत होतं. गिऱ्हाइकाला देण्याजोगं आपलं काही नसेल, तर बहिष्काराची किंमत फक्त गरीब गिऱ्हाईक मोजतो.

आता माझं उत्तर. दार सताड उघडू नये, असं मला वाटतं. सीमेवर जे घडलं ते विसरून नव्हे आणि कामगाराच्या पोटावर पाय देऊन तर नव्हेच. पण भिंतीवर तारीख लिहावी. इतक्या वर्षांत सेल इथे बनेल, इतक्या वर्षांत गाडी अमुक किमतीला येईल, आणि नाही आली तर भिंत खाली येईल. टुरिस्ट गाडीवाला विद्यार्थी जे काही लाख जास्त मोजतो, ती त्याची देशाला दिलेली फी आहे. फी भरणाऱ्याला प्रगतिपुस्तक मागण्याचा हक्क असतो. आणि भिंत उतरवायची असेल तेव्हा दुसऱ्या विद्यार्थ्याचं काय करणार, हे आधी सांगावं, नंतर नव्हे.

काल मुद्दाम पुन्हा टपरीवर गेलो. दोघं नव्हते. टपरीवाल्याने लायटरने स्टोव्ह पेटवला. 2023 मध्ये सरकारने वीस रुपयांखालच्या परदेशी लायटरच्या आयातीवर बंदी घातली, तमिळनाडूच्या काडेपेटीवाल्यांना वाचवण्यासाठी. शंभर वर्षांनी काडेपेटी पुन्हा भिंत मागते आहे! मी त्याला विचारलं, "लायटर कुठला रे?" तो म्हणाला, "काय माहीत सर, पेटतो ना."

रविवारी ते दोघं येतात म्हणे. जाईन म्हणतो.