डेस्कटॉप वातावरण आणि लिनक्सवरील खेळांची कार्यक्षमता

डेस्कटॉप वातावरण म्हणजे संगणक सुरू केल्यावर पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, पट्ट्या, मेनू, चिन्हे आणि सूचना यांची एकत्रित व्यवस्था होय. विंडोज आणि मॅकओएस यांत ही व्यवस्था संचालन प्रणालीचाच अविभाज्य भाग असते. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालींत मात्र ती स्वतंत्र असते आणि वापरकर्त्याला अनेक पर्यायांतून हवे ते वातावरण निवडता येते. या निवडीचा संगणकीय खेळांच्या कार्यक्षमतेवर काही प्रमाणात परिणाम होतो. सक्षम ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रचौकटींच्या (फ्रेम) सरासरी संख्येत सहसा फारसा फरक पडत नाही. चौकटींमधील नियमितपणा, कळ दाबल्यापासून प्रतिसाद मिळेपर्यंतचा विलंब आणि स्मृतीचा वापर या तीन बाबींत फरक अधिक जाणवतो. जुन्या किंवा कमी क्षमतेच्या संगणकांवर तो विशेषत्वाने दिसून येतो.

पार्श्वभूमी

लिनक्सवरील चित्रप्रदर्शनाचा पाया दीर्घकाळ एक्स विंडो प्रणाली हाच होता. ही प्रणाली १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (एमआयटी) जन्मास आली आणि तिची एक्स११ ही आवृत्ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. या पायावर पुढे वेगवेगळी वातावरणे उभी राहिली. १९९६ मध्ये केडीई प्रकल्पाची घोषणा झाली; एक्सएफसीईचा प्रारंभही त्याच वर्षीचा. १९९७ मध्ये ग्नोम प्रकल्प सुरू झाला. २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. तिचे बदललेले रूप न रुचलेल्या वापरकर्त्यांमुळे माते आणि सिनॅमन ही वातावरणे पुढे आली.

एक्स११ च्या मर्यादा ओलांडण्यासाठी क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँड या नव्या संकेतप्रणालीचे काम सुरू केले. खेळांच्या बाबतीत दोन घटना निर्णायक ठरल्या. व्हॉल्व्ह या कंपनीने २०१३ मध्ये स्टीम ही खेळविक्रीची सेवा लिनक्सवर आणली आणि २०१८ मध्ये विंडोजसाठी लिहिलेले खेळ लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन हे साधन उपलब्ध करून दिले. त्यानंतर लिनक्सवर खेळणाऱ्यांच्या दृष्टीने वातावरणाची निवड हा व्यावहारिक प्रश्न बनला.

परिणामाची कारणे

कंपोझिटर
पडद्यावरील सर्व खिडक्यांची चित्रे एकत्र करून अंतिम चित्र तयार करणाऱ्या घटकाला कंपोझिटर म्हणतात. सावल्या, पारदर्शकता आणि हालचालींचे परिणाम त्याच्यामुळेच साधतात. खेळाने तयार केलेली चौकट थेट पडद्यावर न जाता कंपोझिटरच्या हातून गेली, तर ग्राफिक्स प्रक्रियकाला जादा काम पडते आणि साधारण एका चौकटीइतका विलंब होऊ शकतो. सेकंदाला ६० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, तर १४४ वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर सुमारे ६.९ मिलिसेकंदांची.

हा भार टाळण्याच्या सोयी प्रमुख वातावरणांत आहेत. एक्स११ वर अनेक कंपोझिटर पूर्ण पडद्यावर चालणाऱ्या खेळापुरते बाजूला होतात. केडीईमध्ये एक्स११ वापरताना कंपोझिटर पूर्णपणे बंदही करता येत असे. वेलँडमध्ये कंपोझिटर हाच प्रदर्शनाचा सूत्रधार असल्याने तो बंद करता येत नाही; परंतु पूर्ण पडदा व्यापणाऱ्या खेळाची चौकट जशीच्या तशी प्रदर्शन यंत्रणेकडे सोपवण्याची मुभा त्याला असते. खेळावर एखादी सूचना किंवा दुसरी खिडकी उमटली, की ही थेट वाट तात्पुरती बंद होते.

स्मृती
ग्नोम आणि प्लाझ्मा यांना एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांच्यापेक्षा सामान्यतः अधिक स्मृती लागते. १६ गीगाबाइट स्मृती असलेल्या संगणकावर हा फरक नगण्य ठरतो. ४ गीगाबाइट स्मृती आणि प्रक्रियकातच अंतर्भूत ग्राफिक्स असलेल्या संगणकावर चित्र वेगळे असते. अशा संगणकात ग्राफिक्ससाठीही मुख्य स्मृतीतूनच वाटा काढला जातो. स्मृती संपली की माहिती साठवण-तबकडीवर हलवली जाते आणि खेळ मध्येच अडखळू लागतो. साठवण फिरत्या तबकडीची असल्यास हे अडखळणे अधिकच तीव्र होते. अशा ठिकाणी हलक्या वातावरणाचा लाभ निर्विवाद असतो.

पार्श्वभूमीतील कामे
फाइलींची शोधसूची तयार करणे, अद्यतने तपासणे, मेघसाठ्याशी जुळवणी करणे अशी कामे वातावरणासोबत आपोआप सुरू होतात. प्लाझ्मातील बालू हा शोधसूचीकार नव्याने बसवलेल्या प्रणालीवर काही काळ प्रक्रियक आणि तबकडी व्यापू शकतो. ग्नोममध्ये खिडक्यांचे व्यवस्थापन आणि दर्शनी भाग एकाच प्रक्रियेत चालतात. वापरकर्त्याने जोडलेले विस्तारही त्याच प्रक्रियेत चालत असल्याने सदोष विस्तारामुळे चौकटींची लय बिघडू शकते.

हलके म्हणजे वेगवान नव्हे

वातावरण जितके हलके तितका खेळ वेगवान, असा समज रूढ आहे. तो अर्धसत्य आहे. स्मृतीची टंचाई असेल तेथे तो खरा ठरतो. परंतु आधुनिक पडद्यांच्या सोयी बहुधा मोठ्या वातावरणांत आधी पोहोचतात.

खेळाच्या गतीनुसार पडद्याचा ताजा होण्याचा दर बदलण्याची सोय (चल ताजेतवानी दर) हे याचे उत्तम उदाहरण होय. या सोयीमुळे चित्र फाटल्यासारखे दिसणे आणि अडखळणे दोन्ही कमी होतात. वेलँडवर ही सोय प्लाझ्मा ५.२२ मध्ये २०२१ साली आली, तर ग्नोम ४६ मध्ये २०२४ साली प्रायोगिक स्वरूपात दाखल झाली. वाढीव तेजोमर्यादेच्या चित्रणाचा (एचडीआर) प्रारंभिक आधार प्लाझ्मा ६.० मध्ये २०२४ साली आणि ग्नोम ४८ मध्ये २०२५ साली मिळाला. याउलट सिनॅमन ६.० (२०२३) आणि एक्सएफसीई ४.२० (२०२४) यांच्यात वेलँडचाच आधार प्रायोगिक अवस्थेत होता. त्यामुळे नवा पडदा आणि सक्षम ग्राफिक्स कार्ड असलेल्या खेळाडूला जड समजले जाणारे वातावरण अधिक सुरळीत अनुभव देऊ शकते.

ग्राफिक्स चालकांचाही (ड्रायव्हर) यात मोठा वाटा असतो. एनव्हीडियाच्या कार्डांवर वेलँडमध्ये चित्र लुकलुकण्याची अडचण दीर्घकाळ होती. २०२४ मध्ये ५५५ या चालकमालिकेत सुस्पष्ट समक्रमणाची पद्धत आल्यावर ती बरीच दूर झाली.

स्टीम डेकचे उदाहरण

व्हॉल्व्हने फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आणलेला स्टीम डेक हा हातात धरून खेळण्याचा संगणक या विषयाचे बोलके उदाहरण आहे. त्यावरील स्टीमओएस ३ ही प्रणाली आर्च लिनक्सवर आधारित असून तिचे डेस्कटॉप वातावरण केडीई प्लाझ्मा आहे. मात्र खेळताना प्लाझ्मा चालूच नसते. त्या वेळी गेमस्कोप हा केवळ खेळांसाठी रचलेला छोटा कंपोझिटर पडद्याचा ताबा घेतो. वापरकर्त्याने डेस्कटॉपची निवड केल्यावरच प्लाझ्मा सुरू होते. मर्यादित शक्तीच्या यंत्रावर वातावरण बदलत बसण्याऐवजी खेळापुरते ते बाजूलाच ठेवणे, हा मार्ग येथे स्वीकारलेला दिसतो. गेमस्कोप इतर वातावरणांच्या आतही चालवता येतो.

मोजमाप

दोन वातावरणांची तुलना करताना संगणक, गाभा (कर्नल), चालक, खेळातील मांडणी आणि पडद्याचा दर सारखे ठेवावे लागतात. एक वातावरण एक्स११ वर आणि दुसरे वेलँडवर चालवल्यास मोजला गेलेला फरक वातावरणाचा की प्रदर्शन प्रणालीचा, हे सांगता येत नाही. केवळ सरासरी पाहणेही फसवे असते. एखादी चौकट ५० मिलिसेकंद रखडली तरी त्या सेकंदाची सरासरी फारशी ढळत नाही, पण खेळाडूला धक्का जाणवतो. म्हणून सर्वांत संथ एक टक्का चौकटींचाही विचार केला जातो. मॅंगोहड हे मुक्तस्रोत साधन खेळ चालू असतानाच ही माहिती पडद्यावर दाखवते. फेरल इंटरॅक्टिव्हचे गेममोड हे साधन खेळापुरता प्रक्रियकाला पूर्ण वेगाच्या अवस्थेत ठेवते आणि ते कोणत्याही वातावरणात वापरता येते.

भारतातील संदर्भ

पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) डेबियनवर आधारलेले बॉस लिनक्स हे वितरण २००७ मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय भाषांचा आधार हे त्याचे वैशिष्ट्य आहे. ग्नोम आणि केडीई या दोन्ही प्रकल्पांत मराठी स्थानिकीकरणाचे काम झाले आहे. शाळांतील आणि घरांतील जुने संगणक लिनक्सच्या साहाय्याने पुन्हा वापरात आणताना वातावरणाच्या निवडीला महत्त्व येते. अशा यंत्रांवर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी निवडल्यास केडीई परिवारातील जीकॉम्प्री हा बालखेळांचा संच किंवा सुपरटक्सकार्ट यांसारख्या मुक्तस्रोत खेळांसाठी अधिक स्मृती मोकळी राहते.

हे सुद्धा पहा

लिनक्स
ग्नोम
केडीई
वेलँड
स्टीम डेक
बॉस लिनक्स